विमान लहान करता येतं, हवा नाही

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराला एक गोष्ट ठाऊक असते. मोठा पतंग एकदा वर गेला की शांत उभा राहतो. त्याच कागदाचा, त्याच आकाराचा, पण निम्म्या मापाचा पतंग मात्र सारखा डोकं हलवतो, गिरक्या घेतो आणि शेवटी त्याला चिंधीची शेपटी बांधावी लागते. माप तेवढं निम्मं केलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी पतंगाचा स्वभाव का बदलला? फोमची, रेडिओ रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायला घेणाऱ्यांसमोर हेच कोडं जरा महागात पडून येतं. एक मीटर पंखांचा आराखडा झकास उडतो असं ऐकून कुणी तो झेरॉक्सच्या दुकानातून निम्म्या मापात काढून घेतो, ब्लेडने काटेकोर कापतो, मोटर बसवतो. आणि हातातून सुटताच विमान पाच-सात मीटरवर नाक खुपसून पडतं. मग चूक शोधली जाते ती कापण्यात, चिकटवण्यात नाहीतर फेकण्यात.

चूक बहुतेक वेळा तिथे नसते. ती प्रमाण इमानदारीने पाळण्यात असते. लांबी निम्मी केली म्हणून वजन, वेग, वळायला लागणारा वेळ हे सगळं निम्मं होत नाही. प्रत्येकाचा घटण्याचा हिशोब वेगळा असतो, आणि ज्या हवेतून उडायचं ती तर अजिबात लहान होत नाही. म्हणून छोटं विमान ही मोठ्याची प्रत नसते. ते दिसायला मोठ्यासारखं ठेवून आतून नव्याने आखावं लागतं. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, हळदीची पोती उतरणाऱ्या जवळा बाजारसारख्या गावात छंदाच्या सामानाचं खास दुकान सहसा नसतं. स्टेशनरी, फ्लेक्स आणि इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांत मिळेल त्यावर काम भागवायचं असतं. तिथे तर हा हिशोब आधी कळलेला बरा, कारण चुकीचा फोम उचलला की विमान कापायला घेण्याआधीच बिघडलेलं असतं.

लाडवाचं गणित

दिवाळीच्या लाडवापासून सुरुवात करू. एका लाडवाचा व्यास दुसऱ्याच्या निम्मा असेल तर त्यात ऐवज निम्मा नसतो, आठवा हिस्सा असतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्म्या झाल्या: दोन गुणिले दोन गुणिले दोन. पण त्या लाडवाला वरून खसखस लावायची तर ती आठवा हिस्सा पुरत नाही, पाव लागते. कारण पृष्ठभाग दोनच दिशांनी घटतो. विमानात लाडवाचा ऐवज म्हणजे वजन, आणि खसखशीची जागा म्हणजे पंखांचं क्षेत्रफळ, ज्यावर हवा उचल देते. लहान होताना वजन क्षेत्रफळापेक्षा भराभर घटतं. म्हणजे प्रमाण खरोखर पाळलं गेलं, तर छोट्या विमानाच्या पंखांवर मोठ्यापेक्षा कमी ओझं येतं आणि ते सावकाश उडू शकतं.

हे आकड्यांत बघायला एक आपलंच विमान घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले ते 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून. दोन्ही पंख वरच्या बाजूला, सरळ, आयताकृती. फोममध्ये करायला इतका सोपा नमुना शोधून सापडणार नाही. खऱ्या पस मॉथच्या पंखांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, ११.२ मीटर होती, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २०.६ चौरस मीटर आणि भारासह वजन साधारण ९३० किलो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४५ किलो ओझं. हे विमान सोळा पटींनी लहान केलं तर क्षेत्रफळ २५६ पटींनी घटेल आणि वजन ४,०९६ पटींनी. चौरस मीटरमागे ओझं उरेल २.८ किलो. उडायला लागणारा वेग या ओझ्याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून सोळाचं वर्गमूळ चार: खऱ्याच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने हे मॉडेल उडायला हवं.

चौकट: पस मॉथ, मोठं आणि लहान
खरं विमान: विस्तार ११.२ मीटर, वजन ९३० किलो, नेहमीचा वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर.
सोळा पटींनी लहान: विस्तार ७० सेंटीमीटर, वजन २२७ ग्रॅम, वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर.
बत्तीस पटींनी लहान: विस्तार ३५ सेंटीमीटर, वजन २८ ग्रॅम, वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर.

चौकटीतली शेवटची ओळ नीट बघावी. २८ ग्रॅम म्हणजे अंगणातल्या एका चिमणीचं वजन. तेवढ्यात फोम, मोटर, बॅटरी, रिसिव्हर आणि शेपटीची पाती हलवणाऱ्या सर्व्हो मोटरी, सगळं बसवायचं आहे. बाजारात सहज मिळणारी सर्व्हो 'नऊ ग्रॅमवाली' म्हणूनच ओळखली जाते. अशा दोन बसवल्या की अठरा ग्रॅम गेले, आणि उरलेल्या दहा ग्रॅममध्ये अख्खं विमान करायचं. कोडं इथे उलगडायला लागतं. गणिताप्रमाणे छोटं विमान हलकं व्हायला हवं, पण त्याच्या पोटातलं सामान घनाच्या हिशोबाने घटत नाही. सर्व्हो तीच, रिसिव्हर तोच, वायरी त्याच, डिंकाचे थेंब तेवढेच. निम्म्या मापाच्या विमानाचं वजन आठव्या हिश्शावर येण्याऐवजी जेमतेम निम्मं होतं आणि पंखांवरचं ओझं घटण्याऐवजी दुप्पट होतं. छोट्या पतंगाला मोठ्या पतंगाचीच जाड कामटी लावली तर व्हायचं तेच.

इथे कुणी विचारेल की ऑनलाइन मिळणारी, तळहाताहून थोडी मोठी फोमची खेळण्यातली विमानं मग कशी उडतात? ती उडतात, कारण ती करणाऱ्यांनी प्रत काढलेली नाही. त्यांपैकी बऱ्याच विमानांत सर्व्हो नसतेच. पंखांवर दोन चिमुकल्या मोटरी असतात. डावीकडे वळायचं तर उजवी जास्त फिरते, वर चढायचं तर दोन्ही जोरात फिरतात. शेपटीची पाती नुसती चिकटवलेली असतात. वजन वाचवायला त्यांनी विमान हाकायची पद्धतच बदलली.

फोम उचलण्याआधी काटा

सोळा पटींनी लहान पस मॉथला पंख, शेपटी आणि अंगाच्या बाजू मिळून साधारण ०.१७ चौरस मीटर फोम लागतो. फ्लेक्सवाल्याकडे मिळणारा तीन मिलिमीटरचा सनबोर्ड गुळगुळीत, मजबूत, कापायला सुबक असतो, आणि नवशिक्याचा हात नेमका त्याच्यावर पडतो. पण तो पीव्हीसीचा असतो आणि चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो. म्हणजे नुसता सांगाडाच अडीचशे ग्रॅम. २२७ ग्रॅमची मर्यादा मोटर बसवण्याआधीच ओलांडली. तेवढ्याच जाडीचा डेप्रॉन नावाचा फोम चौरस मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आत राहतो. तो ऑनलाइन मागवावा लागतो, सहा मिलिमीटरचा घेतला तरी या विमानाचा सांगाडा चाळीस ग्रॅममध्ये होतो, आणि पंखाला ताठपणा येतो. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला पॅकिंगचा थर्माकोल तर याहून हलका. २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताट-वाट्यांवर बंदी आहे, पण पॅकिंगचे तुकडे इलेक्ट्रॉनिकच्या दुकानामागे पडून असतात. तापलेल्या नायक्रोम तारेने त्यांचे पातळ काप काढता येतात. हे काम उघड्यावर करावं, धूर छातीत जाऊ देऊ नये. आणि फेविक्विकसारखा झटपट डिंक थर्माकोलला लावू नये. थेंब पडतो तिथला फोम काही क्षणांत आकसतो आणि बोट जाईल एवढा खड्डा उरतो. पांढरा फेविकॉल वाळायला रात्र घेतो, पण फोम खात नाही.

बाकीचा हिशोब असा: मोटर वीस ग्रॅम, तिचा वेग सांभाळणारं सर्किट दहा, दोन सर्व्हो अठरा, बॅटरी तीस, रिसिव्हर आठ, पंखा चार. झाले नव्वद. फोम चाळीस, डिंक-टेप-तारा पंधरा-वीस. एकूण दीडशे ग्रॅम. प्रमाणाने आलेल्या २२७ ग्रॅमपेक्षा हे विमान तिसऱ्या हिश्शाने हलकं झालं, आणि म्हणूनच ते नीट उडेल. का, ते पुढच्या भागात.

एक आक्षेप इथेच घ्यायला हवा. फोम इतका ठिसूळ, की बोटाने दाबला तर खड्डा पडतो. त्याचं विमान हवेत मोडणार नाही का? मोठं केलं तर मोडेल. काडीची ताकद तिच्या जाडीच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि तिने पेलायचं वजन घनाच्या हिशोबाने वाढतं. लहान होताना हा हिशोब आपल्या बाजूने फिरतो. मुंगी माडीवरून पडली तरी चालू लागते ती याच कारणाने. पंखाच्या मधोमध खराट्याची एक सरळ काडी टेपने बसवली की दीडशे ग्रॅमच्या विमानाला तेवढा कणा पुरतो.

काकवीतून पोहणं

आता हवेकडे वळू. उसाचा ताजा रस आणि तोच आटवून केलेली काकवी यांत हात फिरवला तर फरक लगेच कळतो. रस फुटतो, शिंतोडे उडतात. काकवी हाताला धरून ठेवते. वाहणाऱ्या कुठल्याही पदार्थात ही ओढाताण असते: एकीकडे पुढे जाण्याचा त्याचा जोर, दुसरीकडे त्याचा चिकटपणा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून या ओढाताणीचा अभ्यास केला. वेग, लांबी आणि पदार्थाची दाटी (घनता) यांचा गुणाकार करून त्याला चिकटपणाने भागलं की जो आकडा येतो तो रेनॉल्ड्स अंक. अंक मोठा तर वस्तूला हवा रसासारखी वाटते. लहान तर काकवीसारखी.

खऱ्या पस मॉथच्या पंखाची पुढून मागे रुंदी सुमारे १.८ मीटर; नेहमीच्या वेगात त्याचा रेनॉल्ड्स अंक साठ लाखांच्या घरात जातो. सोळा पटींनी लहान मॉडेलची रुंदी साडेअकरा सेंटीमीटर. हळू, ताशी तीसच्या आसपास उडताना अंक साठ हजारांवर येतो. बत्तीस पटींच्या चिमणीएवढ्या विमानाला वीस-पंचवीस हजार. एवढ्या कमी अंकाला हवा पंखाच्या फुगीर पाठीवरून वळायला कुरकुर करते. अर्ध्या वाटेवर ती पंख सोडून देते, मागे भोवरे राहतात, उचल घटते आणि ओढ वाढते. याला हवा सुटणं म्हणू. मोठ्या विमानाचा सुबक, जाड, गोलसर पंख फोममध्ये हुबेहूब उतरवला की विमान आळशी होतं ते यामुळे, आणि म्हणूनच वजन प्रमाणापेक्षाही कमी ठेवावं लागतं: त्याच क्षेत्रफळाचा पंख आता खऱ्याइतकी उचल देत नाही.

जर्मन संशोधक एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉडेलच्या पंखांची मापं घेतली तेव्हा हे स्पष्ट झालं की एका मर्यादेखाली जाड पंखापेक्षा पातळ, किंचित वाकवलेली पाटी चांगलं काम करते. पतंगाची कमान दुसरं काय करते? फोमच्या पट्टीवर खालच्या बाजूने, कडेला समांतर दोन-तीन हलके चरे मारून ती टेबलाच्या कडेवर ओढत वाकवावी; पाठीला वेशीच्या कमानीसारखा नव्हे, ताटलीच्या काठाइतका मंद बाक यायला हवा. साडेअकरा सेंटीमीटर रुंदीला पाच-सहा मिलिमीटरचा उठाव पुरतो. पुढची कड टेपने बांधावी, फार गोल करू नये. दुसरा एक सोपा मार्ग अमेरिकेतल्या क्लाइन आणि फोगलमन या दोघांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी कागदी विमानावरून सुचलेल्या पायरीच्या पंखाचं पेटंट १९७२ मध्ये मिळवलं. पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावर फोमची आणखी एक पट्टी चिकटवायची, मागे पायरी तशीच ठेवायची. मोठ्या विमानांना याचा उपयोग झाला नाही, पण फोमवाल्यांनी ते उचललं. जोडपट्टीने पंख ताठ होतो, हा त्याचा निम्मा गुण आहे असं मला वाटतं. उरलेल्या निम्म्यावर अजून वाद घालता येईल.

यावर खरा वजनदार आक्षेप असा: मोठी विमानं बांधण्याआधी त्यांची छोटी मॉडेलं वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात. प्रमाण फसवं असतं, तर त्या तपासणीला अर्थ काय? हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला होता, आणि त्यांचं उत्तर माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत लँगली इथे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला माक्स मुंक यांच्या कल्पनेवरून एक बोगदा बांधला गेला. तो पोलादी टाकीत बंद होता आणि आतली हवा नेहमीच्या वीस पट दाबाने कोंबलेली असे. हवा वीस पट दाट झाली की रेनॉल्ड्स अंक वीस पट वाढतो, आणि वीस पटींनी लहान मॉडेल खऱ्या विमानासारखं वागू लागतं. मॉडेल लहान केलं तर हवाही बदलावी लागते, हे मान्य करूनच ती टाकी बांधली होती. जवळा बाजारच्या शिवारात हवा कोंबायची सोय नाही. तिथे बदल पंखात करायचा.

आखूड झोक्याची घाई

नागपंचमीला लिंबाच्या उंच फांदीला बांधलेला झोका संथ जातो; पोरांसाठी आढ्याला बांधलेला आखूड झोका भरभर हलतो. दोर चार पटींनी आखूड झाला की झोक्याचा एक फेरा निम्म्या वेळात होतो, सोळा पटींनी झाला तर चौथ्या हिश्शात. हेच वर्गमूळ विमानालाही लागू आहे. खऱ्या पस मॉथला वाऱ्याच्या धक्क्याने नाक उचलायला दोन सेकंद लागत असतील, तर सोळा पटींनी लहान मॉडेल ते अर्ध्या सेकंदात करतं. रिमोट धरलेल्या माणसाचे डोळे आणि बोटं मात्र पूर्ण मापाचीच असतात. धक्का दिसला, मनाला कळला, बोट हललं, तोवर विमान दुसऱ्या बाजूला कललेलं असतं. मग रिमोटची काडी उलट बाजूला जास्त दाबली जाते आणि डोलणं वाढत जातं. छोट्या पतंगाचं डोकं हलवणं ते हेच.

पतंगावरचा इलाज, शेपटी, इथेही चालतो. मूळ विमानाची आडवी शेपटी पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने जेवढी असेल, त्याहून चांगली पाव हिश्शाने मोठी करावी. पंखांची टोकं मधल्या भागापेक्षा थोडी उंच ठेवून उथळ 'व्ही' करावा, म्हणजे कललेलं विमान आपण होऊन सावरतं. आधुनिक रिमोटवर मधल्या पट्ट्यात काडीचा परिणाम सौम्य करण्याची सोय असते, ती वापरावी. मूळ विमानाशी इमान राखणारे यावर नाराज होतात. मोठ्या शेपटीचा पस मॉथ हा पस मॉथ राहत नाही, असं त्यांना वाटतं. कपाटात ठेवायच्या मॉडेलबद्दल त्यांचं बरोबर आहे. उडवायचं असेल तर शेपटी वाढवण्यात मला काही गैर वाटत नाही.

शेपटीहून महत्त्वाचा आहे तोल. भरलेली बैलगाडी ज्याने हाकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पोती मागे जास्त लागली तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि गाडी हाकता येत नाही. थोडं ओझं मानेवर असलं की ती सरळ चालते. विमानात पंखाची उचल म्हणजे चाकाचा आस. वजनाचा मध्य त्याच्या किंचित पुढे हवा. आयताकृती पंखाला उचलीची ही जागा पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव अंतरावर येते. आपल्या मॉडेलला सुमारे तीन सेंटीमीटर. पंखाखाली दोन्ही बाजूंना तिथे बोट टेकवून विमान उचलावं. नाक जरासं झुकायला हवं. उलाळ विमान एकदाच उडतं.

शेवटचा आक्षेप दमदार मोटरचा. विमान जड झालं तर मोठी मोटर बसवू, रेटून नेऊ! मोटर खेचते हे खरं, पण जड विमानाला हवेत टिकायलाच वेग जास्त लागतो, आणि उतरताना तो वेग जमिनीवर द्यावा लागतो. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट. वरून मोठ्या मोटरला मोठी बॅटरी लागते आणि वजन परत वाढतं. त्यापेक्षा डिंक कमी लावावा.

इथली हवा, इथली वेळ

एवढं झाल्यावर प्रश्न उरतो तो गावाच्या हवेचा. हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबरमधल्या गार सकाळच्या मानाने मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा नऊ टक्क्यांच्या आसपास विरळ होते. म्हणजे तेच विमान टिकायला चार-पाच टक्के जास्त वेग मागतं. तो फरक सोसता येतो. तापलेल्या काळ्या रानातून उठणाऱ्या वावटळी सोसत नाहीत. वारा विमानाबरोबर लहान होत नाही: ताशी पंधरा किलोमीटरची झुळूक खऱ्या पस मॉथला जाणवणारही नाही, पण ताशी तीसने उडणाऱ्या मॉडेलचा निम्मा वेग ती खाते. म्हणून उडवायची वेळ म्हणजे सूर्य उगवल्यापासूनचा तासभर, किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरनंतर मोकळी रानं मिळतात. हळदीचं पीक मात्र त्याच वेळी उभं असतं, त्यात विमान पडलं तर शोधताना पानं तुडवली जातात. शेतपंपांच्या तारांपासून लांब राहावं, तारेवर अडकलेलं विमान काठीने काढायला जाऊ नये.

२०२१ च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतची याने 'नॅनो' गटात येतात आणि ती उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. आपलं दीडशे ग्रॅमचं विमान त्यात बसतं. तरी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे आधी बघावं, विमान कायम नजरेत ठेवावं, आणि माणसांवरून नेऊ नये.

पहिल्या दिवशी मोटर चालू करायचीच नाही. बॅटरी जागेवर बसवून, खांद्याच्या उंचीवरून, समोरच्या वाऱ्यात विमान सपाट सोडावं. फेकू नये, चालत्या हाताने पुढे ढकलावं. ते आठ-दहा पावलं सरळ तरंगत जाऊन पोटावर टेकलं तर तोल बरोबर आहे. नाक वर करून थबकलं आणि मग धपकन पडलं, तर उलाळ आहे. अशा वेळी नाकाला रुपयाचं एक नाणं टेपने चिकटवून पुन्हा सोडावं. ते सुमारे तीन ते पावणेचार ग्रॅम भरतं. दीडशे ग्रॅमच्या विमानाला तेवढ्याने फरक पडतो, आणि अठ्ठावीस ग्रॅमच्या विमानाला ते फार होतं, तिथे नाण्याऐवजी बॅटरीच दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवायची.